शोधताना आपला शब्द नव्हे, पानावरचा शब्द टाका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याची माहिती इंटरनेटवर मिळतच नाही, ही तक्रार आता सर्रास ऐकू येते. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा) कायद्याचा मजकूर, गावातल्या भूसंपादनाची अधिसूचना, काजूवरच्या किडीचा उपाय, गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणावरच्या जनमत कौलाच्या वेळची कागदपत्रे, काहीही शोधा. वर जाहिराती, खाली व्हिडिओ आणि मधल्या मध्ये भलत्याच राज्याच्या बातम्या. प्रत्यक्षात यातली बरीच माहिती इंटरनेटवर आहे. ती हाती लागत नाही, कारण आपण आपल्या तोंडातला शब्द टाकतो आणि ते पान लिहिणाऱ्याने दुसराच शब्द वापरलेला असतो. गोव्यात तर हे अंतर फारच मोठे आहे. एकाच विषयाची कागदपत्रे मराठीत, कोकणीत, इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये विखुरलेली आहेत आणि प्रत्येक भाषेत गावांची नावे वेगळी लिहिली जातात. म्हणून या पत्रात गोव्यातल्या वाचकाला रोज उपयोगी पडतील अशा गोष्टी तपशिलाने मांडत आहे. सर्च करताना रोमन लिपीत टाइप करायचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

गूगल, बिंग किंवा डकडकगो, कोणतेही सर्च इंजिन आधी कोट्यवधी पाने वाचून त्यांतल्या शब्दांची सूची करून ठेवते. आपण टाकलेले शब्द त्या सूचीशी ताडून पाहिले जातात. हल्ली यंत्र स्वतःहून समानार्थी शब्द, अनेकवचने, चुकलेले स्पेलिंग यांचाही विचार करते. पण इंग्रजीत ते जितके सफाईने जमते तितके मराठीत जमत नाही, आणि याचे मोठे कारण आपले सामान्यरूप आहे. 'म्हापसा' हे नाव घ्या. बातमीत ते 'म्हापसा' असे क्वचितच येते. 'म्हापशात', 'म्हापशातील', 'म्हापशाच्या', 'म्हापशाहून' अशा रूपांत ते येते, म्हणजे मूळ शब्दातला 'सा'च नाहीसा होतो. फोंड्याचे तेच, पेडण्याचे तेच. रस्ता आणि रस्त्याचा, पाणी आणि पाण्याची यांतही तेच घडते. इंग्रजीसाठी दिलेला 'नेमका शब्द अवतरणचिन्हांत टाका' हा सल्ला मराठीत डोळे झाकून पाळला, तर 'म्हापसा' असे अवतरणात टाकणाऱ्याच्या हातून 'म्हापशातील बाजार' लिहिलेली सगळी पाने निसटू शकतात.

यावर उपाय आहे. एकाच वेळी दोन-तीन रूपे द्या आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहा, किंवा कीबोर्डावरची उभी रेघ द्या: म्हापसा | म्हापशात | म्हापशातील, आणि पुढे विषयाचा शब्द. 'ऑर' छोट्या अक्षरांत लिहिले तर गूगल त्याला साधा शब्द समजते. अवतरणचिन्हे राखून ठेवावीत ती न बदलणाऱ्या गोष्टींसाठी: कायद्याचे पूर्ण नाव, म्हणीतली किंवा कवितेतली ओळ, अधिसूचनेचा क्रमांक. शब्दाला चिकटून आधी उणे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने वगळली जातात. उणे चिन्हाच्या आधी मोकळी जागा हवी, नंतर नको.

मराठीत आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲप' मधला 'ॲ' संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा 'अ'वर चंद्र देऊन. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा 'र' हासुद्धा दोन प्रकारे साठवला जातो. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे असू शकतात. उघडलेल्या पानात कंट्रोल-एफ दाबून, किंवा मोबाइलवर 'पानात शोधा' वापरून, समोर दिसणारा शब्द सापडत नसेल तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी त्या शब्दाचा निर्धोक तुकडा टाकावा, किंवा पानावरचाच शब्द कॉपी करून शोधपट्टीत चिकटवावा. जुन्या लेखनासाठी अनुस्वारही तपासावेत. 1962 च्या लेखननियमांपूर्वीचे मराठी 'नाहीं', 'कांहीं', 'गांव' असे आहे, आणि गोमंतकाचे 'गोमांतक', 'गोमन्तक' असेही लेखन मिळते.

आता गावांची नावे. सरकारी इंग्रजी कागदपत्रांत डिचोली 'बिचोलिम' असते, साखळी 'सांक्वेलिम', पेडणे 'पेर्नेम', काणकोण 'कानाकोना', साष्टी 'साल्सेट'. केपे रोमनमध्ये 'के'ने नव्हे, 'क्यू'ने सुरू होते आणि 'एम'ने संपते. कोकणी मजकुरात डिचोलीचे 'दिवचल' होते, मडगावावर अनुस्वार चढतो, गोव्याचे 'गोंय' होते. पोर्तुगीज कागदांत पणजी 'पांजिम' म्हणजे रोमनमध्ये 'जे'ऐवजी 'जी' घालून लिहिलेली मिळते आणि 1843 पासून 'नोव्हा गोवा' या नावानेही मिळते. सरकारी माहिती शोधायची असेल तर इंग्रजी रूप, स्थानिक बातमी हवी असेल तर मराठी आणि कोकणी दोन्ही रूपे, आणि 1961 पूर्वीचे काही हवे असेल तर पोर्तुगीज रूप टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

काही नावे तर मुळातच घोटाळ्याची आहेत. 'होंडा' टाकले की मोटारी आणि स्कूटर येणार, सत्तरीतले होंडा गाव येणार नाही. 'साखळी' म्हणजे लोखंडी साखळी, मानवी साखळी, साखळी सामने. 'सांगे' म्हणजे सांगणे या क्रियापदाचे रूप. 'वास्को' रोमनमध्ये टाकले तर दर्यावर्दी येतो, नाहीतर ब्राझीलमधला त्याच नावाचा फुटबॉल क्लब. इथे तालुक्याचे नाव जोडावे: होंडा सत्तरी, वास्को मुरगाव. त्याहून पक्की खूण पिन कोडची. पत्ता कोणत्याही भाषेत लिहिला असला तरी पिन तोच असतो. म्हापशासाठी 403507, वास्कोसाठी 403802, मडगावासाठी 403601. दुकान, कार्यालय, दवाखाना, शाळा शोधताना विषयाचा इंग्रजी शब्द आणि पिन एवढे दोनच शब्द पुष्कळदा पुरतात. काहीजण पिनमध्ये तीन आकड्यांनंतर जागा सोडतात, काही मराठी पानांत आकडे देवनागरीत असतात. पहिल्या फेरीत सापडले नाही तर तीही रूपे टाकून पाहावीत.

मराठीत शोधणाऱ्या गोमंतकीयाचे खरे नुकसान मात्र दुसरीकडे होते. मराठी शब्द टाकले की यंत्र सरळ महाराष्ट्रात नेऊन सोडते. जमिनीचा उतारा कसा काढावा असे विचारले तर सातबाराची पाने समोर येतात. गोव्यात तो उतारा 'फॉर्म एक आणि चौदा' या नावाने ओळखला जातो आणि तो भूमापन व भूमी अभिलेख संचालनालयाच्या पोर्टलवर मिळतो. 'वारसा हक्क' टाकले तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा समजावणारी शेकडो पाने येतात. गोव्यात वारशाला पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा लागतो आणि आता त्यासाठी 2012 चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा आहे. इथे योग्य शब्द 'इन्व्हेंटरी प्रोसीडिंग्ज' (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची कार्यवाही) हा आहे. तो शब्द ठाऊक नसेल तर 'गोवा सक्सेशन ॲक्ट 2012' असे रोमनमध्ये टाकावे. गोव्यात न लागणारा कायदा वाचून घरातल्या वाटणीचे बोलणे सुरू करणे किती महाग पडते, हे वकील मंडळी सांगतीलच. शोधात 'गोवा' हा शब्द घालणे हा पहिला नियम, आणि उघडलेल्या पानावर कायद्याच्या नावात 'गोवा' आहे का हे पाहणे हा दुसरा.

हल्ली निकालांच्या डोक्यावर एक तयार सारांश येतो. तो यंत्राने निरनिराळ्या पानांवरून जुळवलेला असतो, आणि महाराष्ट्र-गोवा ही सरमिसळ त्यातही होते. तो वाचायला हरकत नाही, पण त्याखालचा दुवा उघडून मूळ वाक्य पाहिल्याशिवाय त्यावर कागद करू नये. सारांश नकोच असेल तर गूगलवर निकालांच्या वरच्या ओळीत 'वेब' हा पर्याय आहे. दिसत नसेल तर 'मोअर'खाली मिळतो. तो दाबला की फक्त साधे दुवे उरतात. संगणकावर 'टूल्स'मध्ये जाऊन 'ऑल रिझल्ट्स'च्या जागी 'व्हर्बेटिम' निवडले, तर यंत्र आपल्या शब्दांत स्वतःची भर फारशी घालत नाही. गोव्यातली आडनावे, वाड्यांची नावे, देवस्थानांची नावे शोधताना याचा फार उपयोग होतो, कारण यंत्राला ती चुकीची वाटतात आणि ते परस्पर 'सुधारते'.

एक शोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. हवा आहे मुंडकार कायद्याचा मजकूर, त्यातल्या दुरुस्त्यांसह. 'मुंडकार कायदा' असे मराठीत टाकले तर बातम्या आणि भाषणे मिळतात. कायदा इंग्रजीत आहे आणि त्याच्या नावात 'मुंडकार्स' असे अनेकवचन आहे, वर्ष 1975, आणि त्या काळी गोवा, दमण व दीव एकत्र असल्यामुळे नावात तिन्ही आहेत. म्हणून रोमनमध्ये 'मुंडकार्स' अवतरणात, पुढे 1975, पुढे 'फाइलटाइप' हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून 'पीडीएफ', म्हणजे फक्त पीडीएफ फाइली येतात. आता 'साइट' शब्द, चिकटून अपूर्णविराम, चिकटून संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे शोध त्या पत्त्यापुरताच राहतो. इथे बहुतेक जण 'गोवा डॉट जीओव्ही डॉट इन' टाकतात आणि अडकतात. राज्याच्या राजपत्राचे संकेतस्थळ त्या पत्त्याखाली येतच नाही. त्याचा पत्ता 'गोवाप्रिंटिंगप्रेस डॉट जीओव्ही डॉट इन' असा स्वतंत्र आहे. केंद्र आणि राज्यांचे कायदे जिथे एकत्र ठेवलेले असतात ते 'इंडिया कोड' तर 'एनआयसी डॉट इन'वर आहे. म्हणून पहिल्या फेरीत नुसते 'साइट:जीओव्ही डॉट इन' द्यावे, दुसऱ्या फेरीत 'साइट:एनआयसी डॉट इन'. मग 'अमेंडमेंट' हा शब्द वाढवून दुरुस्त्या शोधाव्यात. अपूर्णविरामानंतर जागा सुटली तर सगळा खेळ फसतो, आणि मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड ती जागा आपोआप सोडतो. ती पुसायला विसरू नये.

भूसंपादनाच्या अधिसूचनेत सर्व्हे नंबर शोधताना आणखी एक पेच येतो. 45/2 मधली तिरकी रेघ यंत्र बहुधा दुर्लक्षित करते, म्हणून '45 2' असलेले काहीही येते. नंबर अवतरणात द्यावा, सोबत गावाचे सरकारी इंग्रजी नाव द्यावे, आणि 'सर्व्हे नंबर' हे शब्द गाळावेत, कारण तेच कागदांत चार तऱ्हांनी संक्षेप करून लिहिलेले असतात.

तरीही पीडीएफ सापडत नसेल तर दोष शोधणाऱ्याचा नसतोच. जुने मराठी दस्तऐवज युनिकोडपूर्वीच्या (संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत येण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. तपासायची रीत सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, कोऱ्या पानावर चिकटवा. अगम्य अक्षरांची रांग आली तर सर्च इंजिनलाही तेच दिसते, तिथे मराठी शब्दाने शोधणे व्यर्थ. ओळ निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. फोटोतली अक्षरे यंत्र कधी ओळखते, पण जोडाक्षरांत चुकते. अशा दस्तऐवजाकडे त्यातल्या मजकुरावरून न जाता बाहेरून जावे: खात्याचे नाव, वर्ष, राजपत्राची मालिका आणि अंक. मग अंक उघडून पाने चाळावी लागतात, त्याला पर्याय नाही.

जुन्या पोर्तुगीज कागदांसाठी एक वर्ष लक्षात ठेवावे: 1911. त्या वर्षी पोर्तुगालने लेखनपद्धती बदलली. त्याआधी कोमुनिदाद (गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) हा शब्द रोमनमध्ये दोन 'एम' घालून लिहीत, नंतर एक. औषधालयाचा शब्द आधी 'पी-एच'ने सुरू होई, मग 'एफ'ने. एकोणिसाव्या शतकातली गावकरीची कागदपत्रे आजच्या स्पेलिंगने शोधली तर पुस्तकांच्या स्कॅनमधले उल्लेख हुकतात. दोन्ही रूपे उभ्या रेघेने जोडून गूगल बुक्स आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन्ही ठिकाणी टाकावीत.

वर्षाचीच आणखी एक गल्लत. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाविषयी शोधताना 'ओपिनियन पोल गोवा' टाकले की विधानसभा निवडणुकांचे अंदाज येतात. मग कोणी 'बिफोर:1968' अशी मर्यादा घालतो आणि हाती काहीच लागत नाही. 'बिफोर' आणि 'आफ्टर' या आज्ञा पान कधी प्रसिद्ध झाले त्यावर चालतात, घटना कधी घडली त्यावर नव्हे. 1967 साली वेब नव्हतेच. इथे वर्ष साध्या शब्दासारखे टाकावे, 'एक्झिट' उणे करावे आणि 'जनमत कौल', 'सार्वमत', 'विलीनीकरण' हे त्या काळचे शब्द वापरावेत. 'आफ्टर' उपयोगी पडते ती ताज्या गोष्टींसाठी, जसे फीचे दर, अर्जाची मुदत, भरतीच्या जाहिराती. तिथे तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी.

शेतीबागायतीत दोन टप्प्यांनी शोधणे सर्वांत फलदायी. 'काजूचा मोहोर सुकतो उपाय' असे टाकल्यावर औषधविक्रीची पाने आणि व्हिडिओ येतात. पहिल्या फेरीत फक्त एवढेच काढायचे की जाणकार या रोगाला किंवा किडीला काय म्हणतात. मराठीत 'ढेकण्या', इंग्रजीत 'टी मॉस्किटो बग', शास्त्रीय नाव 'हेलोपेल्टिस'. दुसऱ्या फेरीत हे शास्त्रीय नाव आणि 'कॅश्यू' टाकले की पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाची, जुने गोवे येथील एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेची माहिती वर येऊ लागते. मोहोर दुसऱ्या कारणानेही सुकतो, तेव्हा तिथली छायाचित्रे आणि लक्षणे आपल्या झाडाशी ताडून पाहावीत, मगच फवारणीचा विचार करावा. भिरंडाचेही असेच आहे: भिरंड, कोकम, आमसूल टाकले की पाककृती, 'गार्सिनिया इंडिका' टाकले की लागवड आणि प्रक्रिया.

पैशाचा संबंध आला की शोधण्याची रीत बदलावी लागते. बँक, गॅस, कुरियर, वीजबिल यांचा ग्राहकसेवा क्रमांक सर्च करून कधीही घेऊ नये. वरचे काही निकाल 'प्रायोजित' असतात, म्हणजे पैसे देऊन लावलेले. नकाशावरच्या नोंदीत तर कोणीही बदल सुचवू शकतो आणि त्यात खोटे क्रमांक घुसवले जातात. क्रमांक कार्डाच्या मागून, बिलावरून किंवा पासबुकावरून घ्यावा. किनारपट्टीवरची घरे भाड्याने देणाऱ्या जाहिरातींत फोटो उचलून गूगल लेन्सवर टाकावा; तेच घर तीन वेगळ्या नावांनी आणि गावांनी दिसले तर आगाऊ रक्कम पाठवू नये. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते.

आधी असलेले पान आता उघडत नसेल तर पत्ता कॉपी करून वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या संग्रहात टाकावा. गूगलने स्वतःकडच्या जुन्या प्रती दाखवणे 2024 मध्ये बंद केले, त्यामुळे हाच मुख्य मार्ग उरला आहे. सरकारी संकेतस्थळे नव्याने बांधली जातात तेव्हा जुने दुवे तुटतात, तिथे हा मार्ग हमखास तपासावा.

संपादक महाशय, आता माहिती प्रसिद्ध करणाऱ्यांकडे काही मागणे आहे. पंचायती आणि नगरपालिकांनी सूचनाफलकावरच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो संकेतस्थळावर चढवू नये. संगणकावर टाइप केलेलाच मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, फाइलीच्या नावात गाव, विषय आणि वर्ष घालावे. 'स्कॅन 0012' या नावाची फाइल कोणीही शोधू शकत नाही. गावाचे नाव मराठी आणि सरकारी इंग्रजी अशा दोन्ही रूपांत एकदा तरी यावे. शाळांतल्या संगणकाच्या तासाला म्हापसा-म्हापशात हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा, अर्ध्या तासात तो होतो.

वृत्तपत्रांकडेही मागणे आहे, आणि ते आपल्या दैनिकालाही लागू आहे. इ-पेपरमधली बातमी चित्ररूपात राहिली की ती शोधात येत नाही, म्हणून तिचा मजकूर संकेतस्थळावर वेगळा द्यावा. बातमीत 'काल', 'येत्या रविवारी' असे असले तरी वर डेटलाइनमध्ये वर्षासह पूर्ण तारीख असावी. आणि मथळ्यात 'साखळीत' किंवा 'सांगेत' एवढेच असेल, तर पहिल्या परिच्छेदात तालुका आणि 'गोवा' हे दोन शब्द घालावेत.

आपला,
ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातील एक कर्मचारी,
फोंडा, गोवा